कोलारच्या खाणीतल्या न सुटलेल्या नोंदी

आजच्या भागात आपण एका खाणीत उतरणार आहोत.

मी मूळचा रेडीचा. वेंगुर्ल्याच्या खाली, गोव्याच्या वेशीला टेकलेलं गाव. आमच्याकडे खाण म्हटलं की लोहखनिज, लाल धूळ, डंपर आणि बंदरातले बार्ज एवढंच डोळ्यांपुढे येतं. गावचा प्रसिद्ध द्विभुज गणपती १९७६ साली खाणीच्याच भागात सापडला, त्यामुळे खाणीतून खनिजाशिवाय दुसरंही काही निघू शकतं, हे रेडीकराला वेगळं सांगावं लागत नाही.

पण आजची खाण सोन्याची आहे. कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ. सिनेमातल्या रॉकीला जरा वेळ बाजूला ठेवा. त्याच खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, मुंबईच्या टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं यंत्रं लावून ठेवली होती. १९७०च्या दशकात त्या यंत्रांनी काही विचित्र नोंदी टिपल्या. आज पन्नास वर्षं होत आली, तरी त्यांचा सर्वमान्य खुलासा झालेला नाही. आणि मध्यंतरी दोन भारतीय शास्त्रज्ञांनी विचारलं, की ही डार्क मॅटरची खूण तर नसेल?

आज आपण हाच दावा तपासायला घेऊ. कारण डार्क मॅटरवर व्हिडिओ खंडीभर आहेत, पण 'अमुक म्हणजे डार्क मॅटर' असं कुणी म्हटलं, तर ते खरं की खोटं हे ठरवायचं कसं, हे त्यात फारसं कुणी सांगत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने कोमा नावाच्या दीर्घिकांच्या समूहाचा अभ्यास केला. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहायलाच नको होत्या. मग न दिसणारं काहीतरी त्यांना धरून ठेवत असणार. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेचं फिरणं मोजलं. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो आणि लांबचा नेपच्यून जेमतेम ५. लांब गेलं की वेग कमी, असा साधा नियम. देवयानीत मात्र कडेचा भागही मधल्या भागाच्या तोडीस तोड वेगाने फिरत होता.

आजच्या हिशोबाने विश्वात साध्या पदार्थाच्या पाचपटीहून थोडं जास्त डार्क मॅटर आहे. आमच्याकडे लगेच कुणी मालवणीत विचारील, "दिसना नाय, मगे आसा कशावरसून?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि इतिहासात त्याची दोन्ही उत्तरं सापडतात.

युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी मांडलं, की पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे आणि तो साधारण अमुक जागी असेल. १८४६ मध्ये तिथे दुर्बीण लावली आणि नेपच्यून सापडला. पुढे बुधाचं गणितही जुळेना, तेव्हा १८५९ मध्ये त्याच ल व्हेरिए यांनी तोच उपाय सुचवला. सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला नावही मिळालं, व्हल्कन. लोकांनी तो कित्येक वर्षं शोधला, पण तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं, की चूक गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच होती.

म्हणजे माणूस तोच, युक्तीही तीच. एकदा खरोखर नवी वस्तू निघाली आणि एकदा नियम बदलावा लागला. डार्क मॅटरबाबतही हे दोन्ही पक्ष आहेत. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, नवीन पदार्थ आहे. काही जण म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचा नियम बदला. मोर्डेहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये तसा नियम मांडलाही. पदार्थ मानणाऱ्यांतही एकमत नाही. तो नव्या जातीचा कण आहे, की विश्वाच्या सुरुवातीला बनलेली छोटी छोटी कृष्णविवरं आहेत?

नुसत्या वादाने यातलं काहीच ठरत नाही. प्रत्येक कल्पनेला आधी विचारावं लागतं, की तू खरी असशील तर आम्हाला कुठे, काय आणि किती दिसेल?

खाणच का?

आता तुमचा तळहात आकाशाकडे करा. त्यातून दर मिनिटाला साधारण शंभर म्यूऑन आरपार जातात. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून हे कण तयार होतात. तुमचं यंत्र एखादी अतिशय दुर्मीळ घटना शोधत असेल, तर या गोंगाटात ती ऐकूच येणार नाही. जत्रेत डबलबारी रंगात आलेली असताना कुणीतरी कानात कुजबुजावं, तशी गत. त्यावर उपाय एकच, डोक्यावर दोन-तीन किलोमीटर खडक घ्यायचा. तेवढा खडक विकत घेऊन रचता येत नाही, पण खोल खाणीत तो आयता मिळतो.

रेडीच्या खाणी उघड्या, वरून उकरत नेलेल्या. कोलारच्या खाणी मात्र तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या, जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी. टीआयएफआरच्या बी. व्ही. श्रीकंठन यांनी १९५०च्या दशकात तिथे वेगवेगळ्या खोलीवर म्यूऑन मोजायला सुरुवात केली. जसजसं खाली जावं तसतसे ते कमी होत गेले. १९६०च्या सुरुवातीला तर एका गटाने सगळ्यात खोल जागी सुमारे दोन महिने यंत्र चालवलं आणि एकही म्यूऑन मिळाला नाही.

दुसरा कुणी म्हणाला असता, प्रयोग वाया गेला. त्यांनी उलटा विचार केला. जागा इतकी शांत असेल, तर इथे न्यूट्रिनो पकडता येतील. न्यूट्रिनो हा पृथ्वीच्या आरपार जाणारा, क्वचितच कशाला धडकणारा कण. टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रं बसवली. भारताच्या बाजूने एम. जी. के. मेनन, श्रीकंठन, नरसिंहम ही मंडळी होती. प्लास्टिकचे सिंटिलेटर, निऑनच्या फ्लॅश ट्यूब आणि फोटो काढायला कॅमेरा, अशी ती रचना. कण गेला की ट्यूब उजळायच्या आणि फिल्मवर त्याची वाट उमटायची. १९६५च्या ऑगस्टमध्ये या गटाचा शोधनिबंध आला. वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो पकडल्याचं जगात पहिल्यांदा छापून आलं ते कोलारहून. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या गटाचा निबंध जेमतेम दोन आठवड्यांनी आला.

त्या नोंदी

यंत्रं पुढे चालूच राहिली. आणि मधूनच फिल्मवर काहीतरी वेगळं दिसायला लागलं.

न्यूट्रिनो धडकतो तो खडकात किंवा यंत्राच्या जड भागात, कारण तिथे धडकायला भरपूर पदार्थ असतो. पण काही नोंदींत दोन किंवा अधिक कण एकाच बिंदूतून, एकमेकांपासून चांगलेच फाकून निघालेले होते. तो बिंदू मागे मोजत नेला तर तो खडक आणि यंत्र यांच्यामधल्या हवेत किंवा यंत्राच्या पातळ भागात येत होता. जणू रिकाम्या जागेत काहीतरी फुटलं. अशा नोंदी मूठभरच होत्या. कृष्णस्वामी, मेनन, नरसिंहम आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या आणि म्हटलं, की हा नवीन कण असू शकतो. जगभर त्यांना 'कोलार इव्हेंट्स' हे नाव पडलं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे असं होतं, की लॉगमध्ये एक एरर वर्षातून एखादवेळ येतो, परत आणून दाखवता येत नाही आणि कोडमध्ये कारण सापडत नाही. मग टीममध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, सोड रे, काहीतरी हार्डवेअरचं असेल. दुसरा म्हणतो, असेल, पण लॉग पुसू नका.

कोलारच्या मंडळींनी लॉग पुसला नाही, छापला. आणि छापल्यामुळेच त्याची तपासणी सुरू झाली.

पहिली तपासणी साधी होती. हा नवा कण न्यूट्रिनोच्या धडकेतून तयार होत असेल, तर प्रयोगशाळेत न्यूट्रिनोंचा झोत सोडल्यावर तो आणखी जास्त दिसायला हवा. अमेरिकेच्या फर्मीलॅबमध्ये आणि युरोपच्या सर्नमध्ये त्याच दशकात शोध घेतला गेला. काही मिळालं नाही. एक खुलासा बाद झाला, नोंदी मात्र राहिल्या.

१९८०च्या दशकात त्याच खाणीत लोखंडी पत्रे आणि मोजणीच्या नळ्यांचं १४० टनांचं यंत्र बसवलं गेलं, प्रोटॉन कधी आपोआप फुटतो का ते पाहायला. कोलारच्या गटाला तशा वाटणाऱ्या काही घटना मिळाल्याही. पण अमेरिकेचं आयएमबी आणि जपानचं कामिओकांडे ही त्याहून कितीतरी मोठी यंत्रं होती, आणि त्यांना प्रोटॉन फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. तो दावा टिकला नाही. याच गटाचे १९६५चे न्यूट्रिनो टिकले, प्रोटॉन टिकला नाही. नाव कितीही मोठं असो, प्रत्येक दाव्याला नव्याने परीक्षेला बसावं लागतं.

डार्क मॅटरचा खुलासा आणि आपला हिशोब

चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतले एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी या जुन्या नोंदी पुन्हा बाहेर काढल्या. २०१४ साली 'प्रमाण' या भारतीय शोधपत्रिकेत त्यांचा निबंध आला. कल्पना अशी, की डार्क मॅटरचा कण प्रोटॉनच्या ५ ते १० पट जड असेल आणि तो अमर नसेल. त्याचं आयुष्य साधारण विश्वाच्या वयाएवढं, म्हणून बहुतेक कण अजून शिल्लक आहेत आणि अधूनमधून एखादा फुटतो. डार्क मॅटर सगळीकडे असतं, म्हणजे खाणीतल्या हवेतही. तिथे तो फुटला, तर रिकाम्या जागेतून कण निघाल्यासारखंच दिसेल. आणि फर्मीलॅबला काही का मिळालं नाही, याचंही उत्तर मिळतं, कारण याचा न्यूट्रिनोच्या झोताशी संबंधच नाही.

कल्पना ऐकायला छान आहे, म्हणूनच आता कॅल्क्युलेटर काढा. हा माझा ढोबळ हिशोब आहे, तुम्हीही करून बघा.

आपल्या आसपास डार्क मॅटर सरासरी किती आहे, याचा अंदाज आहे. एका लिटरच्या बाटलीएवढ्या जागेत साधारण ३०० प्रोटॉनच्या वस्तुमानाएवढं. कण ५ प्रोटॉनएवढा धरला, तर लिटरमध्ये ६० कण. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर, म्हणजे ६०,००० कण. प्रत्येकाचं सरासरी आयुष्य १३.८ अब्ज वर्षं. भागाकार केला, की एका घनमीटर जागेत सुमारे २ लाख ३० हजार वर्षांत एक कण फुटणार. जागा १०० घनमीटर धरली, तरी २,३०० वर्षांतून एकदा.

कोलारला तर काही वर्षांत मूठभर नोंदी झाल्या. हिशोब हजार पटींनी चुकतोय. तो जुळवायचा तर कोलारजवळ डार्क मॅटर सरासरीपेक्षा हजारो पट दाट असायला हवं. आयुष्य कमी धरावं म्हटलं, तर सगळे कण आत्तापर्यंत फुटून संपले असते.

दुसरी तपासणी आकाशात होते. असे कण इथे फुटत असतील तर विश्वात सगळीकडे फुटत असणार. त्यातून निघालेल्या ऊर्जेचा ठसा गॅमा किरणांत आणि विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशात, म्हणजे मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीत, दिसायला हवा. दुर्बिणींनी घेतलेल्या मोजमापांतून निघतं, की दिसणाऱ्या कणांत फुटणारं डार्क मॅटर असेलच, तर त्याचं आयुष्य विश्वाच्या वयाच्या लाखो पट तरी हवं. इथेही हा खुलासा अडचणीत येतो.

मला या निबंधाची किंमत तरीही मोठी वाटते. त्याने आकडे दिले. कणाचं वस्तुमान सांगितलं, आयुष्य सांगितलं, कुठे शोधायचं ते सांगितलं. म्हणून तर आपण घरी बसून त्याची झडती घेऊ शकलो. 'काहीतरी गूढ शक्ती आहे' म्हणणाऱ्याची अशी झडती घेताच येत नाही.

न झालेली परीक्षा

तिसरी तपासणी थेट होती, पुन्हा खोल जमिनीखाली मोठी जागा घ्यायची आणि बघायचं. कण हवेत फुटत असतील, तर रिकामी जागा जितकी मोठी तितक्या नोंदी जास्त. ही संधी होती इंडिया-बेस्ड न्यूट्रिनो ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे आयएनओ, या प्रकल्पात. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात प्रयोगशाळा, आत ५०,००० टन चुंबकित लोखंडाचं यंत्र. रेडीकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, एखादं मोठं खनिजवाहू जहाज भरेल एवढा माल. आयएनओच्या शास्त्रज्ञांनी, दातार, मजुमदार आणि सहकाऱ्यांनी, अशा कोलारसारख्या घटना तिथे कितपत पकडता येतील याचं गणितही करून ठेवलं.

जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने सुमारे १,५०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच वर्षी प्रकरण न्यायालयात गेलं. डोंगर, जंगल, पाणी यांचं काय, हा स्थानिकांचा प्रश्न होता. पुढे राज्य सरकारनेही विरोध केला आणि प्रयोगशाळा उभी राहिली नाही.

खाणीच्या गावातला माणूस म्हणून मला थेनीच्या लोकांची शंका परकी वाटत नाही. डोंगर फोडणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी धूळ अंगणात पडते ती गावकऱ्याच्या. पण दुसरी बाजूही खरी आहे. कोलारचे प्रयोग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले आणि २००१ मध्ये खाणच बंद झाली. सोनं काढणं परवडेना. खोदून तयार असलेली, कुणाचा नवा डोंगर न मागणारी जगातल्या सर्वांत शांत जागांपैकी एक आपल्याकडे होती. खाणीचा हिशोब फक्त सोन्याच्या भावात झाला.

इतरांनी काय केलं बघा. अमेरिकेतली होमस्टेक ही सोन्याचीच खाण. डार्क मॅटरचा जमिनीखालचा पहिला थेट शोध तिथेच झाला, १९८७ मध्ये. तीही खाण पुढे बंद झाली, पण त्यांनी तिची प्रयोगशाळा केली. आज तिथे सुमारे दीड किलोमीटर खोलीवर १० टन द्रवरूप झेनॉन भरलेलं यंत्र डार्क मॅटरच्या कणाची वाट बघतंय. २०२४च्या निकालापर्यंत कण मिळाला नव्हता, पण कितीतरी कल्पना बाद झाल्या. आपल्याकडे २०१७ मध्ये झारखंडच्या जादुगुडा युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटची मंडळी तिथे डार्क मॅटर शोधतात. सुरुवात चांगली आहे, पण खोली कोलारच्या पावपट.

एक परीक्षा पुण्याच्या साक्षीने

पूर्ण झालेली परीक्षा कशी असते, तेही बघू. मघाशी छोट्या कृष्णविवरांचा उल्लेख केला होता. चंद्राएवढं वस्तुमान असलेलं कृष्णविवर केवढं असेल? त्रिज्या ०.१ मिलिमीटर, जाडसर मिठाच्या कणाएवढी. डार्क मॅटर अशाच कृष्णविवरांचं बनलेलं असेल, तर त्यातलं एखादं कधीतरी लांबच्या ताऱ्याच्या आडवं येणार आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने तो तारा थोडा वेळ जास्त उजळ दिसणार.

जपानी आणि इतर शास्त्रज्ञांच्या गटाने, ज्यात पुण्याच्या आयुकाचे सुहृद मोरेही आहेत, हवाईमधल्या सुबारू दुर्बिणीचा ८७ कोटी पिक्सेलचा कॅमेरा देवयानी दीर्घिकेवर धरला. २०१४ मधली एक रात्र, सात तास, दर दोन मिनिटांना एक फोटो. गणित आधीच तयार होतं. सगळं डार्क मॅटर अशा कृष्णविवरांचं असेल, तर त्या रात्रीत सुमारे हजार वेळा तारे उजळलेले दिसायला हवेत. २०१९ मध्ये निकाल छापून आला. संशयित फक्त एक.

हजार अपेक्षित आणि हाती एक. त्या वजनाच्या टप्प्यातली कृष्णविवरं म्हणजेच सगळं डार्क मॅटर, ही कल्पना एका रात्रीत मोडली. डार्क मॅटर काय आहे हे कळलं नाही, पण काय नाही हे आकड्यानिशी कळलं.

झ्विकीपासूनचा सगळा इतिहास बराचसा असाच, एकेक नाव खोडत आलेला आहे. खोडायला दोन गोष्टी लागतात. ज्याची कल्पना आहे त्याने आधीच आकडा सांगायचा, आणि ज्याच्याकडे नोंद आहे त्याने ती जशी आहे तशी जपायची. कोलारच्या मंडळींनी आपला वाटा उचलला. १९७५ साली छापलेल्या नोंदींवर २०१४ मध्ये नवी कल्पना मांडता आली आणि आज आपण मोबाइलवर तिचा हिशोब करू शकलो. डार्क मॅटरचा खुलासा बहुधा बाद झालाय. नोंदी अजून तशाच आहेत. यंत्राचा दोष, निव्वळ योगायोग, की खरंच काही नवीन? हे ठरवायला पुन्हा तेवढ्याच खोल, तेवढ्याच शांत जागी जाऊन मोजावं लागेल, आणि ती जागा आज आपल्याकडे नाही.

तुमच्यापैकी कुणी बारावी सायन्सला असेल, भौतिकशास्त्र घेऊ की नको या विचारात असेल, तर हा एक प्रश्न तुमच्यासाठी मोकळा आहे. वरच्या हिशोबात कण १० प्रोटॉनएवढा धरला तर उत्तर किती येतं, ते काढून मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!